स्कुबात नवं काय आलंय, आणि त्यानं पाण्याखाली नेमकं काय बदलतं

हल्ली पाण्यात उतरणारा डायव्हर ओळखू येतो तो त्याच्या सामानावरून. मनगटावर रंगीत पडद्याचा डाइव्ह कॉम्प्युटर, टाकीवर नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनच्या हवेची) हिरवी-पिवळी पट्टी, कधी दोन टाक्या काखेत, तर कधी पाठीवर बुडबुडेच न सोडणारा रिब्रीदर. शिकायला येणारे हे सगळं बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हे घेतलं की डाइव्ह जास्त सुरक्षित होते ना?"

सरळ उत्तर असं, की पाण्याखाली राहण्यावर एकाच वेळी बऱ्याच मर्यादा असतात. टाकीतला वायू, शरीरात मुरणारा नायट्रोजन, ऑक्सिजनचं विष, श्वासातल्या वायूचा घट्टपणा, थंडी. यातली जी सगळ्यात आधी आडवी येते, ती डाइव्ह संपवते. नवं उपकरण बहुतेक वेळा ही पहिली मर्यादा मागे सरकवतं. मग तिच्यामागे उभी असलेली दुसरी समोर येते, आणि तिची ओळखच नसेल तर गडबड होते. म्हणून कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल विचारायचा प्रश्न हा, की हिनं कुठली मर्यादा हलवली आणि आता पुढची कोणती?

आधी हिशेब टाकीचा

समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारनं वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, ३० मीटरवर ४. जो माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो, तो ३० मीटरवर टाकीतून मिनिटाला ८० लिटर ओढतो. फुफ्फुसं तेवढीच भरतात, पण प्रत्येक श्वासात हवा चौपट दाटीनं बसलेली असते.

१२ लिटरची टाकी २०० बारला भरली की त्यात २४०० लिटर हवा असते. त्यातली किती वापरायची? "५० बार उरले की वर या" हा नियम उथळ पाण्यात ठीक आहे. ३० मीटरवर मात्र कागद-पेन्सिल घ्यावी. सगळ्यात वाईट क्षणी जोडीदाराची हवा संपली असं धरायचं. आता दोघं एकाच टाकीवर आणि दोघंही घाबरलेले, म्हणजे प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. तळाशी एक मिनिट सावरण्यात जातं: ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगानं ५ मीटरपर्यंत यायला धरा ३ मिनिटं, सरासरी दाब २.७५ बार: ४९५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगातला नायट्रोजन बाहेर पडायला घेतलेला थांबा: २७०. शेवटचे ५ मीटर सावकाश, एका मिनिटात: ७५. बेरीज १०८० लिटर, म्हणजे १२ लिटरच्या टाकीत ९० बार.

५० बार म्हणजे ६०० लिटर. जवळजवळ निम्मीच. हा आकडा पाठ करू नका, आपल्या टाकीचा आणि आपल्या खोलीचा वेगळा काढा. पण काढाच, कारण पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

नायट्रॉक्स: फायदा खरा, पण कुठे?

साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रॉक्समध्ये तो वाढवतात, बहुतेक ठिकाणी ३२ टक्के. नायट्रोजन तेवढा कमी, म्हणून शरीरात कमी मुरतो. अमेरिकेच्या नोआ या सागरी संस्थेनं १९७० च्या दशकात तो आपल्या डायव्हरांसाठी वापरात आणला, १९८५ मध्ये डिक रुटकोव्स्की यांनी हौशी डायव्हरांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यावर बरीच वर्षं वाद झाला. आज तो नेहमीचा झाला आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे.

३० मीटरवर ३२ टक्के नायट्रॉक्स घेणाऱ्याच्या शरीराला नायट्रोजनच्या दृष्टीनं आपण साध्या हवेवर २४.४ मीटरवर आहोत असं वाटतं. गणित असं: खोलीत १० मिळवा (४०), नायट्रोजनच्या प्रमाणानं गुणा (०.६८), ०.७९ नं भागा, १० वजा करा. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या हवेच्या तक्त्यात ३० मीटरला थांब्याविना, म्हणजे वर येताना नायट्रोजन सोडायला सक्तीनं न थांबता, २० मिनिटं मिळतात आणि २५ मीटरला २९. म्हणजे नऊ मिनिटांचा फायदा.

आता टाकीकडे वळा. २४०० लिटरमधून राखीव १०८० काढले की उरतात १३२०. मिनिटाला ८० प्रमाणे हे साडेसोळा मिनिटांत संपतात. म्हणजे २० लिटरवाल्या माणसाची हवा साध्या हवेच्या २० मिनिटांआधीच संपली! नायट्रॉक्सनं दिलेली नऊ मिनिटं त्याला दिवसाच्या पहिल्या डाइव्हमध्ये वापरताच येत नाहीत. फायदा होतो तो वेगळ्या जागी. वर येताना अंगात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला खरी मोकळीक मिळते. दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्यानं नायट्रॉक्स घ्यावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र "थकवा येत नाही" हे कारण देऊ नये, चाचण्यांमध्ये ते ठामपणे दिसलेलं नाही. आणि नायट्रोजनची गुंगी कमी होईल म्हणून तर मुळीच घेऊ नये. ऑक्सिजनही दाबाखाली गुंगी आणतो असंच धरून चालतात.

नवी मर्यादा इथे ऑक्सिजनची. त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याच्या प्रमाणाइतका वाटा, १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. ३२ टक्क्याला ही रेषा ३३ मीटरवर येते, ३६ टक्क्याला २८ मीटरवर. साध्या हवेवर एवढ्या कडक तळाची कुणाला सवय नसते. रेषा ओलांडली तर पूर्वसूचनेशिवाय झटका येऊ शकतो. झटक्यानं माणूस सहसा मरत नाही, पण तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं उपकरण, सुटतो आणि माणूस बुडतो.

म्हणून टाकी ज्याची, त्यानं स्वतः मोजायची. अॅनालायझर आधी साध्या हवेत २०.९ वर लावून घ्यायचा, टाकीचा वाल्व्ह अगदी हलका उघडायचा, कारण जोराच्या झोतानं आकडा चुकतो, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग टाकीवर टक्के, कमाल खोली, तारीख आणि सही. भरणाऱ्याच्या हातून ३२ च्या जागी ४० टक्के भरला गेला, आणि तुम्ही न मोजता ३३ मीटरवर गेलात, तर दाब १.७२ होतो. उलटी चूकही तितकीच नेहमीची आहे: टाकीत साधी हवा आणि कॉम्प्युटरवर कालचं ३२ टक्क्याचं सेटिंग तसंच राहिलेलं. कॉम्प्युटर तुमच्या अंगात आहे त्यापेक्षा कमी नायट्रोजन मोजत राहतो आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसतं.

कॉम्प्युटर काय मोजतो आणि काय मोजत नाही

जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये शेळ्यांवरच्या प्रयोगांतून पहिले शास्त्रीय डीकम्प्रेशन तक्ते, म्हणजे दाबातून सुरक्षित वर येण्याचे तक्ते, मांडले. त्यांनी शरीर पाच कप्प्यांचं मानलं: काही कप्पे नायट्रोजन पटकन घेतात आणि सोडतात, काही सावकाश. आज बऱ्याच कॉम्प्युटरांत चालतं ते झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांचं १६ कप्प्यांचं गणित. सर्वांत वेगवान कप्पा चार-पाच मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत संथ कप्प्याला साडेदहा तास लागतात. हे कप्पे म्हणजे कुठले अवयव नव्हेत, हिशेबाच्या सोयीसाठी केलेली विभागणी आहे.

प्रत्येक कप्पा बाहेरच्या दाबापेक्षा थोडा जास्त नायट्रोजन सहन करतो, त्यापलीकडे बुडबुड्यांचा त्रास वाढतो. या सहनशक्तीचा किती भाग वापरायचा, हे ठरवायला एरिक बेकर यांनी ग्रेडियंट फॅक्टर आणले. कॉम्प्युटरवर ४०/८५ असं दिसतं ते हेच. दुसरा आकडा सोपा आहे: पृष्ठभागावर पोचताना सहनशक्तीच्या ८५ टक्क्यांपर्यंतच जायचं, १५ टक्के हातात ठेवायचे. पहिला आकडा थांबा कुठल्या खोलीपासून सुरू होणार हे ठरवतो. आकडा लहान, तर पहिला थांबा खोल.

मधल्या काळात खोल थांब्यांची लाट आली होती. बुडबुडे मोठे होण्याआधीच, खाली असतानाच थांबा, असा विचार. ऐकायला तो पटतो. अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग प्रयोगशाळेनं मात्र २०११ मध्ये दोन आराखड्यांची तुलना प्रसिद्ध केली. खोली सारखी, सुमारे ५२ मीटर, तळाशी वेळ सारखा, थांब्यांचा एकूण वेळही सारखा. फरक इतकाच, की एकात थांबे खोल होते आणि दुसऱ्यात उथळ. खोल थांब्यांच्या १९८ डाइव्हमध्ये ११ जणांना डीकम्प्रेशनचा (नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी होणारा) आजार झाला, उथळ थांब्यांच्या १९२ मध्ये ३ जणांना. कारण असं, की खोल थांबल्यावर वेगवान कप्पे रिकामे होत असले तरी संथ कप्पे तिथे अजून भरतच असतात, आणि वर येताना तेच अडचणीत आणतात. त्यानंतर तांत्रिक (हौशी मर्यादांपलीकडच्या) डायव्हिंगमध्ये पहिला आकडा वाढवण्याकडे कल गेला. तुमच्या कॉम्प्युटरवर कुणी जुन्या सवयीनं १०/९० सारखं सेटिंग करून ठेवलं असेल, तर ते बदलून घ्या. आणि डाइव्ह चालू असताना मिनिटं वाढवण्यासाठी आकडे बदलायचे नाहीत. शरीर तेच राहतं, बदलतो तो पडद्यावरचा आकडा.

कॉम्प्युटरला खोली आणि वेळ कळते. तुम्ही तळाशी प्रवाहाविरुद्ध जोर लावला, वर येताना थंडीनं कुडकुडत होतात, पाणी कमी प्यायला होतात, हे त्याला कळत नाही. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं जन्मापूर्वीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. तिथून शिरांमधले बुडबुडे फुफ्फुसांना वळसा घालून धमन्यांत जाऊ शकतात. तेही त्याला ठाऊक नसतं. शिवाय प्रत्येकाला आपला स्वतंत्र कॉम्प्युटर हवा, आणि दिवसभर तोच. सकाळी एकाच्या मनगटावर आणि दुपारी दुसऱ्याच्या, असं केलं की दोघांचाही हिशेब खोटा ठरतो.

टाकीचा दाब बिनतारी दाखवणारे ट्रान्समीटर सोयीचे असतात, पण बॅटरी संपली किंवा जोडणी तुटली की पडदा कोरा. नळीचा साधा प्रेशर गेज सोबत राहू द्यावा. आणखी एक: बोटीवर टाकी उचलताना मदतनीस ट्रान्समीटरला मूठ समजून धरतात आणि तो मोडतो. आधीच सांगून ठेवा.

गुडघ्यावर बसून शिकणं मागे पडतंय

सगळ्या नव्या गोष्टींत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ही, आणि हिला एकही उपकरण लागत नाही. पूर्वी विद्यार्थी तळावर गुडघे टेकून मास्क काढायला, रेग्युलेटर शोधायला शिकत. तळाला टिकून राहावं म्हणून कमरेला दोन-तीन किलो शिसं जास्त. मग तो खुल्या समुद्रात तसाच जड जाई. जड म्हणून बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) जास्त हवा, आणि ती हवा खोलीच्या प्रत्येक बदलाबरोबर फुगते-आक्रसते. पाय खाली, डोकं वर, फिन्सनं वाळू उडतेय, प्रवाळ तुटतंय, श्वास वाढतोय. आता अनेक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून तरंगतच सगळं शिकवतात.

वजन तपासायची योग्य वेळ डाइव्हच्या शेवटी. टाकीत ५० बार, खोली ५ मीटर, बीसीडी पूर्ण रिकामं. सामान्य श्वासावर जागेवर राहता आलं तर वजन बरोबर. खाली जात असाल तर एक किलो काढून पुन्हा बघा. सुरुवातीला भरल्या टाकीनं तपासलं तर हिशेब चुकतो, कारण २४०० लिटर हवेचंच वजन जवळपास तीन किलो असतं आणि डाइव्हभर ते कमी होत जातं. मग सेफ्टी स्टॉपलाच माणूस वर उचलला जातो, जिथे थांबणं सगळ्यात गरजेचं असतं. वजन बरोबर आलं की ते कुठे बांधलंय ते बघा. पाय बुडत असतील तर थोडं शिसं कमरेवरून टाकीच्या वरच्या पट्ट्यावर न्या.

कॅमेरा यानंतर. पाण्याखाली छायाचित्र काढणाऱ्याचं लक्ष एकाच चौकटीत अडकतं, आणि गेज बघणं, जोडीदार बघणं, खोली बघणं ही तिन्ही कामं सुटतात. एका जागी हात न हलवता तरंगता येईपर्यंत कॅमेरा वरच ठेवलेला बरा.

श्वासाचा घट्टपणा

ही मर्यादा अलीकडेच लोकांच्या बोलण्यात यायला लागली आहे. वायू दाबाखाली दाट होतो आणि दाट वायू आत-बाहेर ढकलायला फुफ्फुसांना कष्ट पडतात. एका टप्प्यानंतर श्वास कितीही घेतला तरी कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. तो साठला की धाप लागते, भीती वाटते, गुंगी वाढते, आणि ऑक्सिजनचा झटका यायची शक्यताही वाढते. गॅविन अँथनी आणि सायमन मिचेल या संशोधकांनी चाचण्यांमधल्या माहितीवरून दोन रेषा सुचवल्या: लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत राहावं, ६.२ च्या वर जाऊ नये.

पृष्ठभागावर लिटरभर हवेचं वजन सुमारे १.२९ ग्रॅम. म्हणजे पहिली रेषा ३० मीटरच्या आसपास येते आणि दुसरी ३८ मीटरच्या. हौशी डायव्हिंगची नेहमीची ४० मीटरची हद्द या दुसऱ्या रेषेच्या पलीकडे आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नायट्रॉक्सनं इथे काहीच सुटत नाही, ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जडच आहे. उपाय हेलियमचा. २१ टक्के ऑक्सिजन आणि ३५ टक्के हेलियम असलेला ट्रायमिक्स ४० मीटरवर लिटरला साधारण ४.६ ग्रॅम भरतो, साधी हवा तिथे ६.४ च्या वर जाते. हेलियम महाग आहे हे खरं. मग ज्याला तो परवडत नाही, त्यानं ३० मीटरला वळावं, आणि खाली असताना जोराची पोहणी टाळावी.

काखेतल्या दोन टाक्या

साइडमाउंट आला गुहांमधून. अरुंद फटीत पाठीवरची टाकी अडकते म्हणून ती अंगाच्या बाजूला गेली. आता खुल्या समुद्रातही लोक ती पद्धत घेतात: पाठ दुखत नाही, टाकी पाण्यात येऊन लावता येते, दोन्ही वाल्व्ह डोळ्यांसमोर. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. अॅल्युमिनियमची ११ लिटरची टाकी भरलेली असताना किंचित जड असते, रिकामी होत आली की तिचं बूड वर तरंगायला लागतं आणि मागची कडी पुढे सरकवून घ्यावी लागते. दोन्हींतून आलटून-पालटून श्वास घ्यायचा, साधारण ३० बारच्या फरकानं. एकीतूनच घेत राहिलं आणि नेमकी भरलेली टाकी बंद पडली, तर हाताशी फक्त जवळपास रिकामी टाकी उरते.

आणि आता तोच जुना हिशेब. दोन टाक्यांत सुमारे ४४०० लिटर. १०८० राखीव काढून ३० मीटरवर चाळीस मिनिटं राहता येतं. नायट्रॉक्सवरही थांब्याविना वेळ अर्धा तास जेमतेम. वायू संपण्याची काळजी गेली आणि तिच्या जागी डीकम्प्रेशनचे सक्तीचे थांबे आले, ज्यांचं प्रशिक्षण साइडमाउंटच्या सुरुवातीच्या कोर्समध्ये नसतं.

रिब्रीदर

पोहणाऱ्या माणसाचं शरीर मिनिटाला लिटरभर ऑक्सिजन वापरतं, खोली कितीही असो. ३० मीटरवर साधा डायव्हर त्यासाठी ८० लिटर ओढतो आणि बाकी सगळं बुडबुड्यांत सोडून देतो. रिब्रीदर सोडलेला श्वास परत घेतो, सोडा लाइमच्या डब्यातून नेऊन त्यातला कार्बन डायऑक्साइड काढतो, आणि वापरलेला ऑक्सिजन भरून देतो. ३ लिटरच्या ऑक्सिजनच्या टाकीत ६०० लिटर मावतात, म्हणजे तासन् तास. शांतता अशी, की मासे जवळ येतात. त्याचं आकर्षण आम्हाला पूर्ण समजतं.

पण वायूची मर्यादा एवढी मागे गेली की तिच्या जागी तीन नव्या आल्या, आणि त्यातल्या दोन बिनबोभाट येतात. ऑक्सिजनची टाकी उघडायची राहिली तर श्वास नेहमीसारखाच वाटतो, कारण धाप लागते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं, ऑक्सिजन कमी झाल्यानं नव्हे. २० मीटरवर ऑक्सिजनचा दाब ०.३ बार असेल तर ५ मीटरवर येताच तो ०.१५ होतो आणि भान जाऊ शकतं. उलट बाजूला जास्त ऑक्सिजन आणि झटका. मोजायला तीन सेन्सर असतात आणि यंत्र बहुमतावर चालतं. दोन सेन्सर एकाच वेळी घेतलेले, एकसारखे म्हातारे झालेले असले, तर दोघं मिळून खऱ्या तिसऱ्याला हरवतात. म्हणून ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजननं लूप, म्हणजे श्वास फिरतो तो बंद मार्ग, भरून बघायचं: आकडा १.६ च्या जवळ यायला हवा. १.३ लाच अडकलेला सेन्सर फेकून द्यायचा.

तिसरा धोका सोडा लाइमचा. सैल भरलं तर वायू मोकळ्या वाटेनं निसटतो. पाणी शिरलं तर तोंडात जळजळीत क्षार येतो. रबरी रिंग लावायची राहिली तर सगळा डबाच वळसा घालून टाळला जातो. पाण्याआधी पाच मिनिटं श्वास घेऊन बघतात, ते सेन्सर आणि ऑक्सिजनची पुरवठा-यंत्रणा तपासायला उपयोगी आहे, पण डबा अर्धवट निकामी असेल तर बहुतेकांना ते त्या पाच मिनिटांत जाणवत नाही. म्हणून छापील यादी हातात धरून, एकेक ओळ वाचूनच जोडणी करायची, शंभराव्या डाइव्हलाही. अँड्र्यू फॉक यांच्या २०१३ च्या अभ्यासात १९९८ ते २०१० मधले रिब्रीदरवरचे १८१ मृत्यू आढळले, आणि धोका साध्या स्कुबाच्या सुमारे दसपट असल्याचा त्यांचा अंदाज होता.

बिघाड झाला की लूप सोडून बाजूच्या साध्या टाकीवर यायचं, तिला बेलआउट म्हणतात. इथे पुन्हा टाकीच्या हिशेबातलीच पेन्सिल लागते. ४० मीटरवर कार्बन डायऑक्साइड साठलेला माणूस शांतपणे श्वास घेत नाही, मिनिटाला ४५ लिटर तरी धरा. दाब ५ बार, म्हणजे मिनिटाला २२५ लिटर. श्वास ताब्यात यायला दोन मिनिटं गेली तर ४५० लिटर तिथेच संपले. सामान हलकं राहावं म्हणून काही जण ३ लिटरची छोटी टाकी लावतात. तिच्यात ६०० लिटर असतात. उरलेल्या १५० लिटरवर तो वर निघाला, तर टाकी ३४ मीटरच्या आसपास रिकामी होते.